चौथे राज्य कोणाचे?

(कांजूरमार्ग येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेवर ‘आद्य ख्रिस्ती आणि युगान्ताची भाकिते’ असे छापले आहे. ते वाचून जगबुडीची तारीख कळेल म्हणून कोणी आले असेल, तर त्यांनी आत्ताच उठून चहाच्या टेबलाकडे जावे. तारीख मिळणार नाही. मी तुम्हाला ठाण्याला नेणार आहे. इथून स्लो लोकलने चौथे स्टेशन. साल १३२१, महिना एप्रिल.

त्या वर्षी होर्मुझहून निघालेले एक जहाज ठाण्याच्या बंदराला लागले. त्यातल्या काही प्रवाशांना जायचे होते कोल्लमला आणि तिथून पुढे चीनला. वाऱ्याने आणून सोडले ठाण्यात. हे प्रवासी म्हणजे चार फ्रान्सिस्कन साधू: तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि दुभाष्याचे काम करणारा तिफ्लिसचा डिमेट्रियस. बरोबर जॉर्डानस नावाचा एक डॉमिनिकन होता. ओडोरिक हा फ्रान्सिस्कन प्रवासी थोड्याच काळाने ठाण्याला आला. त्याने लिहून ठेवले आहे, की गावात नेस्तोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या सिरियन चर्चच्या, ख्रिस्त्यांची पंधरा घरे होती. त्यांतल्याच एका घरी हे साधू उतरले. जॉर्डानस भडोचच्या दिशेने पुढे गेला आणि मागे राहिलेले चौघे काही दिवसांत मारले गेले. यजमान नवरा-बायकोचे भांडण काजीपुढे गेले, साक्षीला साधूंना बोलावले, साक्षीचा वाद धर्मावर घसरला आणि तो विकोपाला गेला. ओडोरिकने हे सगळे विस्ताराने, चमत्कारांसह सांगितले आहे. तो भाग मी सोडून देतो. मला आज रस आहे तो मृत्यूत नाही, त्याआधीच्या मुक्कामात आहे.

कारण त्या घरात एका छपराखाली दोन प्रकारचे ख्रिस्ती जेवायला बसले होते. दोघांचा ख्रिस्त एक, पण बायबल तंतोतंत एक नव्हते. पाहुण्यांच्या बायबलमधले शेवटचे पुस्तक, योहानाचे ‘प्रकटीकरण’, यजमानांच्या चर्चच्या सिरियाक बायबलमध्ये नव्हतेच. सात शिक्के, सात कर्णे, श्वापद, ६६६ हा आकडा, हजार वर्षांचे राज्य, हा सगळा ऐवज त्या एका पुस्तकातला. चर्चमध्ये जे वाचले जाते तेच लोकांपर्यंत पोहोचते, आणि पूर्वेकडच्या सिरियन चर्चमध्ये प्रकटीकरण वाचले जात नसे.

आणि पाहुणा कोण? थॉमस हा साधासुधा भिक्षू नव्हता. फ्रान्सिस्कन संघात तेव्हा दुफळी माजली होती. संत फ्रान्सिसचे दारिद्र्याचे व्रत अक्षरशः पाळायचे असा आग्रह धरणारे ‘स्पिरिच्युअल’ एका बाजूला आणि संघाचे अधिकारी दुसऱ्या बाजूला. या आग्रहापायी थॉमसने इटलीत आपल्याच संघाच्या कोठडीत वर्षे काढली. सोबत होता अँजेलो क्लारेनो. १२८९च्या सुमारास नव्या प्रमुखाने त्यांना सोडले आणि आर्मेनियाकडे धाडले. या मंडळींच्या विचारावर कॅलाब्रियाच्या योआकिम मठाधिपतीचा दाट रंग होता. योआकिम वारला १२०२ मध्ये. जगाच्या इतिहासाची त्याने तीन युगे पाडली होती: पित्याचे, पुत्राचे आणि आत्म्याचे. प्रकटीकरणातल्या १,२६० दिवसांची त्याच्या अनुयायांनी वर्षे केली, आणि १२६० साली तिसरे युग उजाडेल म्हणून कितीतरी लोक वाट बघत बसले. ते साल आले आणि गेले. पण ‘आपण शेवटच्या काळात आहोत, आणि या काळाचे खरे साधू आपणच’ ही भावना काही गेली नाही. १३१८ मध्ये मार्सेय येथे चार स्पिरिच्युअल साधूंना जाळण्यात आले. त्या भावनेला आणखी काय हवे? थॉमसचा जुना सोबती क्लारेनो पुढे आपल्या संघाचा इतिहास लिहायला बसला, तेव्हा त्याने त्याची मांडणी सात संकटांमध्ये केली. सातच का, हे प्रकटीकरण वाचणाऱ्याला विचारावे लागत नाही.

तर असा माणूस ठाण्यातल्या ओट्यावर बसलेला. त्याच्या गोटात भविष्यवाणी ही चालू काळाची बातमी. यजमानाच्या परंपरेत ती बरीचशी घडून गेलेली गोष्ट. एवढा फरक पडला कुठे? माझ्या मते तो एका प्रश्नावर पडला, आणि प्रश्न दानीएलच्या पुस्तकातला आहे.

दानीएलच्या दुसऱ्या अध्यायात नबुखद्नेस्सर राजाला स्वप्न पडते. पुतळा दिसतो: डोके सोन्याचे, छाती रुप्याची, पोट पितळेचे, पाय लोखंडाचे, पावले लोखंड आणि मातीची. डोंगरातून एक दगड सुटतो आणि पुतळ्याचा चुराडा करतो. सातव्या अध्यायात हीच गोष्ट चार श्वापदांनी सांगितली आहे. चार राज्ये येणार, चौथे सर्वांत भयंकर, आणि त्यानंतर देवाचे राज्य. पहिले राज्य बाबेलचे, यावर सगळ्यांचे एकमत. भांडण आहे ते चौथ्यावर.

दुसऱ्या शतकात लियोंचा बिशप इरेनियस आणि तिसऱ्याच्या सुरुवातीला रोमचा हिप्पोलितस यांनी निर्वाळा दिला, की चौथे राज्य रोमचे. ते दोघे रोमच्या राज्यात राहत होते, म्हणजे लोखंडी पायांपाशीच. आता एकदा रोम चौथे ठरले, की पुढचे सगळे गणित ताणले जाते. रोम आहे तोवर जग आहे; रोम डळमळले की शेवट आला. ४१० मध्ये गॉथ लोकांनी रोम लुटले, तेव्हा बेथलेहेममध्ये बसलेल्या जेरोमला लिहिणे सुचेना. ती नुसती त्या शहराची ओढ नव्हती. तीनच वर्षांपूर्वी त्याने दानीएलवर भाष्य लिहून चौथे राज्य रोमच, असे ठासून सांगितले होते.

हिप्पोलितसचे भाष्य मात्र मुळातून वाचावे असे आहे. त्याने सांगितलेल्या दोन हकिकती मला फार आवडतात. सिरियातल्या एका बिशपाने आपल्या लोकांना, बायकामुलांसकट, ख्रिस्ताला सामोरे जायला म्हणून रानात नेले. मंडळी डोंगरांत वाट चुकली. सुभेदाराला वाटले, दरोडेखोरांची टोळीच आहे. फौज सुटायचीच बाकी होती. त्याची बायको श्रद्धाळू होती, तिने रदबदली केली म्हणून ते वाचले. दुसरा बिशप पोंतसचा. त्याला स्वप्ने पडू लागली आणि त्याने जाहीर केले, की वर्षभरात न्यायाचा दिवस येणार. नाही आला तर शास्त्रावर विश्वास ठेवू नका. लोकांनी पेरण्या सोडल्या, गुरेढोरे विकली. वर्ष सरले. जमिनी विकलेले भिकेला लागले, आणि कुमारिका राहिलेल्या मुलींनी लग्ने उरकून घेतली.

हे सांगून झाल्यावर हिप्पोलितस स्वतः काय करतो? हिशेब मांडतो! कराराच्या कोशाची लांबी अडीच हात, रुंदी दीड, उंची दीड; एकूण साडेपाच. म्हणून ख्रिस्त जन्मला जगाच्या ५५००व्या वर्षी. देवाला हजार वर्षे एका दिवसासारखी, आणि सृष्टी झाली सहा दिवसांत. म्हणजे जगाचे आयुष्य सहा हजार. उरली पाचशे. त्यांतली दोनशे सरलेली, तीनशे बाकी. हसू येते, पण त्याचा हेतू पाहा. लोकांना शेताकडे परत पाठवायचे होते. तारीख सांगून त्याने तारखेची भीती घालवली. आपल्याकडे कलियुग चार लाख बत्तीस हजार वर्षांचे. कल्कीची घाई कोणालाच नाही. सहा हजारांच्या हिशेबात ती ऐसपैस जागा नव्हती, म्हणून आहे त्यातच त्याने तीनशे वर्षे मोकळी केली. पुढे ५००चे साल जवळ येऊ लागले, तोवर युसेबियस आणि जेरोम यांची नवी कालगणना पश्चिमेत रुळत चालली होती. तीत ख्रिस्ताचा जन्म ५१९९ला. शेवट आपोआप तीनशे वर्षे पुढे गेला. तारीख जवळ आली की पंचांग बदलते, ही खोड केवळ ख्रिस्त्यांची आहे असे मी म्हणणार नाही.

ऑगस्टीनने या खटाटोपातून अंग काढून घेतले. हजार वर्षांचे राज्य म्हणजे चर्चचा चालू काळच, असे त्याने ‘देवाची नगरी’ या ग्रंथाच्या विसाव्या भागात लिहिले, आणि पश्चिमेच्या चर्चने ते मानले. पण चौथे राज्य रोमचे, हे वाचन कायम राहिले. त्यामुळे योआकिमसारखा कोणी आला की निखारा पुन्हा फुलत असे.

आता पूर्वेला वळू. फारसच्या साम्राज्यातल्या ख्रिस्त्यांपुढे अडचण वेगळी होती. दानीएलच्या आठव्या अध्यायात एडका म्हणजे मेद आणि फारसचे राजे, आणि बकरा त्याची शिंगे मोडतो. हे फारसच्या राजाच्या राज्यात बसून वाचायचे! ३३७ मध्ये दुसरा शापूर रोमवर चालून निघाला, तेव्हा अफ्राहात नावाच्या सिरियाक लेखकाने युद्धांवर एक प्रकरण लिहिले. दानीएलच्या एडक्याबकऱ्याच्या आडून त्याने सुचवले, की ही फौज जिंकणार नाही. रोमचे राज्य ख्रिस्त परत येईतो त्याची ठेव म्हणून राखलेले आहे. शापूरने रोमच्या सरहद्दीवरच्या नुसैबिनला तीन वेळा वेढा घातला, शहर पडले नाही. अफ्राहात खरा ठरला म्हणावे, तर ३६३च्या तहात तेच शहर शापूरला आयते मिळाले. दरम्यान ख्रिस्त्यांवर दुप्पट कर बसला, ते रोमचे हस्तक आहेत असा संशय बळावला आणि जवळपास चाळीस वर्षे छळ चालला. भविष्यवाणी लावण्याची किंमत पूर्वेच्या चर्चने ही अशी मोजली.

याच चर्चने पुढे आपला भाष्यकार निवडला तो मोप्सुएस्तियाचा थिओडोर, मृत्यू ४२८. सिरियाक परंपरेत नुसते ‘भाष्यकार’ म्हटले की थिओडोरच. त्याचे म्हणणे असे: संदेष्टा आधी आपल्या काळातल्या माणसांशी बोलतो. मीखा, जखऱ्या यांच्या वचनांचा अर्थ लावायचा तर आधी यहुद्यांच्या इतिहासातल्या जरुब्बाबेलकडे आणि मक्काबी लढ्याकडे पाहा. सरसकट ख्रिस्ताकडे उडी मारू नका. दीडशे स्तोत्रांपैकी थेट ख्रिस्ताविषयी त्याने मानली ती फक्त चार. बाकीच्या चर्चला हे फारच कंजूषपणाचे वाटले आणि ५५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने त्याला मरणोत्तर धिक्कारले. फारसच्या चर्चने ते मानले नाही.

आणि इथे कल्याण येते. त्या धिक्काराच्या थोडेच आधी, ५५०च्या आसपास, अलेक्झांड्रियाच्या एका व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत एक चमत्कारिक ग्रंथ लिहिला. त्याला आपण कॉस्मस म्हणतो. पृथ्वी गोल नाही, पेटीच्या आकाराची आहे, हे सिद्ध करण्यासाठी त्याने पानेच्या पाने खर्ची घातली. ती सोडा. बंदरांविषयी मात्र तो जाणकारासारखा बोलतो. तो सांगतो, की कल्लियाना नावाच्या ठिकाणी फारसमधून नेमलेला बिशप आहे. तिथून पितळ, लाकूड आणि कापड जाते. ही कल्लियाना कर्नाटकाच्या किनाऱ्यावर शोधणारे अभ्यासक आहेत, पण मला आपले कल्याण पटते. कॉस्मसची बंदरांची यादी उत्तरेकडून दक्षिणेकडे येते: सिंधु, ओर्होथा, कल्लियाना, सिबोर आणि मग मलबार. सिबोर म्हणजे चौल, तर त्याच्या उत्तरेला लागून कल्याणच बसते. शिवाय इथून पवईच्या डोंगरांपलीकडे कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दानशूर व्यापाऱ्यांची नावे कोरलेली आहेतच. बंदर जुने, पैसेवाले आणि परदेशी माणसांना सरावलेले.

कॉस्मस हा थिओडोरच्या वळणाचा. फारसचा विद्वान मार आबा अलेक्झांड्रियाला आला असताना त्याच्याकडून हा शिकला, आणि मार आबा पुढे त्या चर्चचा सर्वोच्च धर्मगुरू झाला. म्हणजे कल्याणच्या बिशपाचा वरिष्ठ आणि कॉस्मसचा गुरू एकच. आता कॉस्मस दानीएलचा पुतळा कसा लावतो ते पाहा. सोने बाबेलचे, रुपे मेदांचे, पितळ फारसचे, आणि लोखंड मासेदोनियाचे, म्हणजे अलेक्झांडर व त्याच्या वारसांचे. चौथे राज्य ग्रीकांचे! ते संपले क्लिओपात्राबरोबर. सिरियाक वाचनाचा सर्वसाधारण कल हाच होता. सातव्या अध्यायातले लहान शिंग म्हणजे यहुद्यांचा छळ करणारा अंतियोख राजा, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. गंमत म्हणजे ख्रिस्त्यांचा कडवा टीकाकार पोर्फिरी हाही दानीएलचा शेवट अंतियोखापाशीच आणून ठेवत होता. त्याला उत्तर देण्यासाठीच जेरोमने आपले भाष्य रचले.

या वाचनाने काय साधते ते लक्षात घ्या. चार राज्ये होऊन गेली, दगड पडून गेला, ख्रिस्त येऊन गेला. पुतळ्याचा हिशेब चुकता झाला. शेवट येणार, न्याय होणार, हे कॉस्मस पुरेपूर मानतो. पण राजांच्या जयपराजयावरून त्याची वेळ काढायला दानीएल आता उपयोगाचा नाही. कल्याणच्या धक्क्यावर पितळ मोजणाऱ्या ख्रिस्ती व्यापाऱ्याला पश्चिमेकडून रोमच्या पराभवाची वार्ता कळली, तरी गाशा गुंडाळायचे कारण नव्हते. आपल्या किनाऱ्यावरचे सर्वांत जुने, नोंद असलेले ख्रिस्ती हे असे होते, ही गोष्ट आपण क्वचितच लक्षात घेतो. आपण त्यांची गोष्ट पोर्तुगिजांपासून सुरू करतो.

कॉस्मसलाही मोह सुटला नाही, हेही सांगितले पाहिजे. रोमचे राज्य ख्रिस्ताबरोबर उगवले, म्हणून त्याला ख्रिस्ताच्या राज्याच्या मानात वाटा आहे आणि ते शेवटपर्यंत अजिंक्य राहील, असे तो लिहितो. पुरावा काय, तर रोमचे सोन्याचे नाणे सगळीकडे चालते! व्यापाऱ्याला शोभेलसाच पुरावा. सोपात्रोस नावाच्या व्यापाऱ्याने सिंहलद्वीपाच्या राजापुढे रोमचे सोन्याचे आणि फारसचे चांदीचे नाणे ठेवून कोणता राजा मोठा हे कसे सिद्ध केले, ती गोष्ट तो मिटक्या मारत सांगतो. शंभर वर्षांच्या आत सिरिया आणि इजिप्त रोमच्या हातातून गेले.

मग पूर्वेकडचे शहाणपणही टिकले नाही. ६८७च्या सुमारास योहानान बर पेन्काये या पूर्व सिरियन मठवाशाने प्लेग, दुष्काळ आणि अरबांमधली यादवी पाहून शेवट आला असे लिहिले, आणि त्यासाठी त्याला प्रकटीकरणाची गरज पडली नाही. त्याच सुमारास मेथोडियसच्या नावावर खपवलेले एक सिरियाक भाकीत निघाले: शेवटचा रोमन सम्राट यरुशलेमेत आपला मुकुट क्रुसावर ठेवील. काही दशकांतच ते ग्रीक आणि लॅटिनमध्ये गेले आणि युरोपने शतकानुशतके ते वाचले. थॉमसच्या पिढीने ज्या हवेत श्वास घेतला, तिच्यात हा पूर्वेचाच धूर मिसळलेला होता. पुस्तक नसले की ताप येत नाही, असा निष्कर्ष काढायचा मला मोह होता. बर पेन्कायेने तो मोडला. मात्र ज्याला हिशेब मांडायचा आहे त्याला आकडे लागतात, आणि आकड्यांची खाण प्रकटीकरणात आहे, एवढे मी अजूनही म्हणेन.

ती खाण आपल्याकडे नीट उघडली एकोणिसाव्या शतकात. गॉर्डन हॉल हा अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरला, पाठोपाठ सॅम्युएल न्यूएल आला. दोघांनी मुंबईत बसून एक पुस्तिका लिहिली, ती १८१८ मध्ये अमेरिकेत छापली गेली. तिच्यात त्रैराशिक आहे: साठ कोटी लोकांपर्यंत शुभवर्तमान जायचे, वीस हजारांमागे एक मिशनरी, म्हणजे तीस हजार मिशनरी हवेत. सगळ्या राष्ट्रांना साक्ष पटेल आणि मग शेवट येईल, हे मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायातले वचन त्यांच्या पिढीच्या कामामागे होते. हिप्पोलितसने आकडे मांडले ते लोकांना शेतावर परत धाडायला. हॉल-न्यूएल यांनी मांडले ते लोकांना घराबाहेर काढायला. न्यूएल १८२१ मध्ये मुंबईत पटकीने गेला, हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात, पटकीनेच. त्याच वर्षी मराठी नवा करार छापून झाला, आणि त्यात शेवटी प्रकटीकरण होते. १९०५च्या जूनमध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात मुली रडू लागल्या, मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, तेव्हा त्याचा अर्थ योएलच्या वचनाने लावला गेला: शेवटच्या दिवसांत देव सर्वांवर आपला आत्मा ओतील. थिओडोर तिथे असता, तर त्याने आधी विचारले असते, योएल कोणाशी बोलत होता? त्या मुलींतल्या कितीतरी दुष्काळातून वाचलेल्या होत्या. त्यांना तो प्रश्न गैरलागू वाटला असता, आणि मला त्यांचेही चुकले असे म्हणवत नाही.

पुन्हा ठाण्याला येऊ. जॉर्डानसने परत येऊन सोबत्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. ओडोरिकने पुढे ती हाडे उकरून चीनला नेली. जॉर्डानस बराच काळ या किनाऱ्यावर राहिला, १३२९ मध्ये कोल्लमचा बिशप म्हणून नेमला गेला आणि त्याने हिंदुस्थानातल्या नवलांचे एक छोटे पुस्तक लिहिले: फणस, आंबा, मृतांचे दहन, गिधाडांच्या स्वाधीन केलेली प्रेते, हत्ती असे सगळे. त्यात एके ठिकाणी तो म्हणतो, की इथल्या लोकांमध्ये त्यांचे स्वतःचे भाकीत आहे: आम्ही लॅटिन लोक एक दिवस सगळे जग जिंकणार. हे त्याला कोणी सांगितले असेल? ठाण्या-सोपाऱ्याच्या बाजारातल्या एखाद्या हुशार माणसाने, समोरच्या परदेशी साधूला काय ऐकायला आवडेल हे ओळखून? चार सोबती गमावलेल्या माणसाने ते वहीत उतरवून घेतले. हिंदुस्थानात कोणते राज्य येऊन गेले आणि कोणते यायचे आहे, याची मोजणी त्याच्या हातून, त्याच्या बाजूने, अशी सुरू झाली होती. वास्को द गामा कालिकतला उतरायला तेव्हा पावणेदोनशे वर्षे अवकाश होता.